डेलच्या मुठीतला हेडसेट

ऐकू येतंय का कुणाला? डेल कोचच्या कानावरचा हेडसेट बोलतोय मी. सध्या शाळेच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या चेंडूंखाली पडलोय. त्या शुक्रवारपासून जिवाला चैन म्हणून नाही.

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या या एवढ्याशा गावाने शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी पॅनकेक विकून मला आणि माझ्या जुळ्या भावाला आणलं. भाऊ प्रेक्षकांच्या वर, लाकडी खोपटात, डेलचा मेहुणा लेलँड याच्या कानावर. मी खाली, मैदानाच्या कडेला. लेलँडला वरून सगळं दिसायचं, तो बोलायचा आणि मी डेलच्या कानात ओतायचो. डेल सूर्यफुलाच्या बिया चघळत ओरडायचा, निम्मी टरफलं माझ्या माईकवर! शी!

नियम मात्र कडक. आमचं बोलणं कोचांपुरतंच, खेळत्या पोराच्या कानाला लागायचं नाही. आणि आमच्या भागातल्या शाळांचा करार असा, की एका संघाचे हेडसेट बिघडले तर दुसऱ्यानेही उतरवायचे.

बाद फेरीतल्या त्या शुक्रवारी हरलो तर ती आमच्या संघाची शेवटचीच मॅच ठरणार होती. शाळेत फारशी पोरंच उरली नव्हती, उरलेली पुढच्या वर्षी शेजारच्या गावाकडून खेळणार होती. लेलँडचा पोरगा कोल्बी आमच्या बचावात होता. आम्ही चार गुणांनी पुढे, शेवटचं मिनिट, आणि समोरचे आमच्या रेषेपाशी येऊन ठेपलेले; चेंडू रेषेपार नेला की त्यांना सहा गुण.

तेवढ्यात माझ्यात परकाच आवाज घुसला. "मधून घुसा!" आणि ते खरंच मधून घुसले. आमच्या पोरांनी कसेबसे अडवले.

"डेल, हे त्यांचे कोच बोलतायत!" लेलँड कुजबुजला. "गप ऐकत राहा. देव पावला!"

"हे नियमात बसत नाही, लेलँड."

"नियम गेला खड्ड्यात! माझ्या पोराची शेवटची मॅच आहे रे!"

डेलने मला कानावरून ओढलं, मुठीत आवळलं आणि खेळ थांबवायला सांगितलं. "पंच! त्यांचं बोलणं आमच्या कानात येतंय. दोघांचेही उतरवा!"

पंच पलीकडे पोचेपर्यंत मी अजून चालूच होतो. "डावा कोपरा," तो आवाज म्हणाला, "त्या बुटक्याच्या डोक्यावरून." बुटका म्हणजे कोल्बीच! पाठोपाठ लेलँड गळा फाडून ओरडला. "डेल! डावा कोपरा! कोल्बीला मागे घे! डेल, ऐक ना रे!"

ते सगळं डेलच्या तळहातातच विरलं. गर्दीचा गोंगाट तर कानठळ्या बसवणारा.

चेंडू कोल्बीच्या बोटांवरून रेषेपलीकडे त्यांच्या पोराच्या हातात गेला. संपलं.

लेलँड खाली आला. मला वाटलं, आता हात उचलतो.

"तुला हाका मारत होतो मी," तो म्हणाला.

"कानावर नव्हता रे."

"माहितेय. ताईला सांग, रविवारी जेवायला येणार नाही." रडणाऱ्या कोल्बीला त्याने जवळ घेतलं आणि तो निघून गेला. त्यानंतर किती रविवार गेले, एकदाही आला नाही.

डेलचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण लेलँडच्या त्या हाका माझ्यात अजून घुमतायत, त्यांचं मी काय करू?

संघ बंद झाला, तसा परवा डेल या खोलीच्या किल्ल्या परत करायला आला. त्याने मला शोधून काढलं, पुसलं, कानाला लावलं. "लेलँड," हळूच म्हणाला, "आहेस का रे वर?"

मग मला परत चेंडूंखाली ठेवून गेला बिचारा.

तुमच्यापैकी कुणाला लेलँड भेटला तर एवढंच सांगा, बाबा, एकदा त्या खोपटात चढ आणि माझ्या भावाला कानाला लाव. डेल हाक मारतोय.