सांध्याआडची चीर

परळच्या यार्डात मालगाडीखाली रूळ मोडला तेव्हा धोंडू लाइनीवरच होता. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. मोडलेलं तोंड त्यानं वाकून पाहिलं. चीर बोल्टाच्या भोकापासून निघालेली, निम्म्यापर्यंत जुन्या गंजानं काळी पडलेली. दोन रूळ जोडतात त्या सांध्याला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात; त्यांच्याआड वाढणारी चीर रोज लाइन तपासत फिरणाऱ्या चावीवाल्याला, म्हणजे धोंडूला, दिसणार कशी? पट्ट्या खोलून, भोकं पुसूनच बघावं लागतं. ते काम गँगचं, आणि गँगचा मुकादम जयवंत, म्हणजे धोंडूच्या बायकोचा, अंबिकेचा, सख्खा थोरला भाऊ.

साहेबापुढे जयवंत बेधडक म्हणाला, "गेल्या महिन्यात मी स्वतः खोलून तेल घातलं साहेब. काय नव्हतं. रोज लाइन बघतो तो हा धोंडू. याचं लक्ष समितीच्या मोर्च्यात."

धोंडूचा कानांवर विश्वास बसेना. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून समितीनं शिवाजी पार्कवर घेतलेल्या सभेसाठी गँगला अर्ध्यावर सोडून पळाला होता तो हा जयवंत! दुसऱ्या दिवशी "सगळे सांधे खोलले, भावजी," म्हणाला, तेव्हा वरून चोपडलेलं तेल बघून धोंडूनं मान डोलावली होती. बायकोच्या भावावर संशय घ्यायचा कसा?

साहेबानं धोंडूला घरी बसवलं. नोकरी राहते की जाते, ते चौकशीत ठरणार होतं. पाना-हातोडा ठेवायला तो हत्यारांच्या खोलीत गेला, तर कोपऱ्यात गाठोडं. गेल्या महिन्यात सांधे पुसायला जयवंतानं चिंध्या मागितल्या म्हणून अंबिकेनं आपलं हिरवं लुगडं फाडून दिलेलं. तिनं मारलेली गाठसुद्धा सुटली नव्हती; म्हणजे एकही सांधा पुसला नव्हता.

ते काखोटीला मारून तो लालबागला, चाळीत आला. उद्या साहेबापुढे हे टाकायचं, अंबिकेनं आपली गाठ ओळखायची, की जयवंताचं खोटं उघडं.

"गाठ माझीच ही," अंबिका म्हणाली. तिनं ती सोडली आणि एकेक चिंधी पेटत्या शेगडीत घातली.

"अगो, काय करतंस?"

"दादाक चार पोरां आसत. आपल्याक कोण आसा?"

मेव्हण्यानं केसानं गळा कापला, ते एक वेळ पचलं असतं. ही तर बायको होती. धोंडूचा हात पुढे झालाच नाही.

लुगडं जळून गेल्यावर तिनं त्याच विस्तवावर चहा ठेवला, आणि कप त्याच्यापुढे सरकवला.