बाबांच्या खिशातला माउस

मित्रांनो, मी एका जुन्या कॉम्प्युटरचा त्याहून जुना माउस आहे. माझी पाठ झिजून गुळगुळीत झाली आहे, पण मी जे पाहिलं त्याने अजूनही थक्क आहे.

कारखान्यातून मी थेट एका शिवणकामाच्या दुकानात आलो. तिथे कापड बेतणाऱ्या ताईचा हात दिवसभर माझ्यावर किंवा कात्रीवर असे. पुढे दुकानात नवीन कॉम्प्युटर आला आणि जुन्या कॉम्प्युटरची आणि माझी जोडी ताईच्या घरी गेली.

मग कात्री चालवून चालवून ताईचं मनगट गेलं. दुकानाच्या मालकांनी स्पष्टच सांगितलं, बाह्या, कॉलर, पाठ कापडावर कमीत कमी चिंध्या उरतील अशा मांडणारा प्रोग्राम लिहून दाखव, तर ऑफिसात खुर्ची देतो. नाहीतर घर आहेच.

ताई आपली आपणच शिकायला बसली. प्रोग्रामची भाषा अशी हट्टी, की एक चिन्ह चुकलं तरी अडून बसायची. प्रोग्राम ज्यात लिहायचा त्या एडिटरमध्ये तर सगळं कीबोर्डच्या कळा दाबूनच करायचं, म्हणजे मनगटाला आराम. पण हात सवयीने माझ्याकडेच वळायचा. शेवटी तिने मला काढून आपल्या बाबांकडे दिलं. "मी मागितला तरी देऊ नका," म्हणाली.

बाबांनी मला सदऱ्याच्या खिशात ठेवलं. माझी शेपटी बाहेर लोंबायची. शेजारी विचारायचे, आज काय पकडलंत?

खिशातून मी सगळं पाहत होतो. ताई एक ओळ लिहायला जायची आणि भलतीच कळ दाबून आधीच्या चार गायब व्हायच्या. तरी ती पुन्हा बसायची.

मालकांना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी पडद्यावरची बाही कापडाबाहेर जाऊन बसली. ताई रडकुंडीला आली.

"बाबा, माउस द्या. माझ्याच्याने नाही होत हे."

बाबांचा जीव कळवळला. पण माझी शेपटी बटणात अडकली होती. ती सोडवून त्यांनी मला टेबलावर ठेवेपर्यंत ताईची बोटं पुन्हा कळांवर गेली होती. ओळी उचलल्या जात होत्या, हव्या तिथे बसत होत्या. ती कळांकडे बघतसुद्धा नव्हती. मी कळांचा हेवा करायचंही विसरलो. बाही अलगद कापडात आली.

ताईने डोळे पुसले आणि मला पाहिलं.

"अहो बाबा, हा इथे कशाला ठेवलात?"

दुसऱ्या दिवशी तिला खुर्ची मिळाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आमच्या वायरी पिळू नका. पण नवं काही शिकताना आमच्यावाचून हात रिकामा वाटला, तर लगेच आम्हाला हाका मारू नका. जरा थांबा. तुमचे हात काय काय करू शकतात, ते आम्हालाही पाहायचं असतं.