सुभेदाराचा डोंगर

हंबीररावांचा कुठे सत्कार झाला की त्या दिवशी कोंडिबाला जेवण जात नसे. त्याच्या बायकोला, हरणाबाईला, हे इतकं सवयीचं झालं होतं की साताऱ्याहून गाडी परत आल्याचा आवाज आला की ती एक भाकरी कमीच थापायची. गाडीतून थोरले दीर उतरायचे, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि त्यांच्यामागून कोंडिबा त्यांचा फेटा सांभाळत यायचा. हंबीरराव त्याला बरोबर नेत, पुढच्या रांगेत बसवत. तेच कोंडिबाला जास्त लागायचं.

सख्खे भाऊ दोघं. रहिमतपूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. हंबीरराव अठराव्या वर्षी फौजेत गेले आणि सुभेदार होऊन परतले. कोंडिबा गावातच राहिला, बापामागून शेरडं घेऊन डोंगर चढत मोठा झाला. त्या डोंगराच्या सपाटीवर खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, म्हणून पूर्वी त्याला टाक्याचा डोंगर म्हणत. आता लहानथोर सगळे सुभेदाराचा डोंगर म्हणतात.

नाव बदललं ते उगाच नाही. चौदा वर्षांपूर्वी हंबीरराव परतले तेव्हा डोंगर बोडका झाला होता. दर चैत्रात कोणीतरी काडी लावायचं, वणवा माथ्यापर्यंत जायचा आणि उरलंसुरलं शेरडं खायची. हंबीररावांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की आजपासून डोंगरावर कुऱ्हाड चालायची नाही, जनावर चरायचं नाही आणि काडी पेटायची नाही. फौजेतला आवाज, नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. मग चर खणले, शिसव, करंज, आपटा लावला. हळूहळू डोंगर हिरवा झाला, विहिरींना उन्हाळाभर पाणी राहू लागलं. हे कोंडिबालाही नाकारता येत नव्हतं.

पण पहिले दोन उन्हाळे खांद्यावर कावड घेऊन रोपांना पाणी कोणी घातलं होतं? चराईबंदीच्या दुसऱ्याच दिवशी बावीस शेरडं बाजारात नेऊन दावण कोणी रिकामी केली होती? सत्काराच्या भाषणात 'माझ्या गावकऱ्यांनी साथ दिली' एवढं एक वाक्य यायचं. पुढच्या रांगेत बसून कोंडिबा त्या वाक्यात स्वतःला शोधत राहायचा.

शिवाय त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी हंबीररावांजवळ नव्हती. बाप, नाथाजी, डोंगर जाळायचा, पण उन्हाळ्यात कधीच नाही. मार्गशीर्ष सरताना, गवत शेंड्याला वाळलेलं आणि बुडाशी ओलं असताना, सकाळचं दहिवर उठायच्या बेताला तो एखादा पट्टा पेटवायचा. आग गुडघ्याच्या वर येत नसे आणि पलीकडच्या ओल्या गवतात जाऊन आपोआप विझे. यंदा हा पट्टा, पुढच्या साली तो. मग चैत्रात कोणी काडी लावली तरी वणव्याला सलग वाट मिळायची नाही. नाथाजी गेला तेव्हा कोंडिबा विशीत होता, त्याचं कोण ऐकणार? लोक मनाला येईल तेव्हा पेटवू लागले आणि डोंगर उजाड झाला तो तिथून पुढं. हंबीरराव तेव्हा कुठल्यातरी बर्फात पहाऱ्यावर होते.

गेल्या वर्षी कार्तिकात अवकाळी चार दिवस धो धो कोसळला. डोंगरावरचं गवत पुन्हा फुटलं आणि छातीला लागलं. मग थंडी आलीच नाही म्हटलं तरी चालेल. पौषात पूर्वी सकाळी डोंगरावर गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत भिजायचं. त्या वर्षी कोंडिबा कोरड्या पायांनी फिरून आला. खाली वाकून त्यानं गवतात हात घातला. चौदा वर्षांचं जुनं गवत थरावर थर साचलं होतं, कोपरापर्यंत हात गेला तरी माती लागेना. त्यानं मूठभर काढून चुरगाळलं, तर त्याचा भुगा झाला. पेटलं तर हे आता काही ठेवणार नाही, एवढं त्याला कळलं. तो घरी आला आणि कोणाला काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात गावात नवी वनरक्षक आली, संयोगिता नावाची. सांगलीकडची मुलगी, बोलायला साधी. तिनं देवळात लोकांना बोलावलं. डोंगराचा माथा वनखात्याचा, खालचं गायरान गावाचं, पण आगीला हद्द कळत नाही, असं ती म्हणाली. ऊन लवकर चढायला लागलंय, पूर्वी एप्रिलमध्ये लागायचे ते वणवे आता फेब्रुवारीत लागतायत. खात्याची परवानगी काढून, माणसं उभी करून आताच मधले पट्टे जाळून घेऊ. मग तिनं विचारलं, इथं पूर्वी गवत कसं जाळत होते ते कोणाला ठाऊक आहे का?

हंबीरराव म्हणाले, या डोंगरावर चौदा वर्षांत काडी ओढलेली नाही आणि मी आहे तोवर ओढली जाणार नाही. बोलताना त्यांनी एकदा कोंडिबाकडं बघितलं. कोंडिबा खांबाला टेकून बसला होता. त्याच्या तोंडात शब्द आलेही होते. पण त्याला वाटलं, आपण सांगायचं, मग परवानगी निघणार, पट्टे जळणार, डोंगर वाचणार आणि त्याची शाल पुन्हा यांच्याच खांद्यावर पडणार. तो फरशीकडं बघत राहिला.

घरी आल्यावर हरणाबाईनं विचारलं, "तुमाला समदं ठावं हाय, मग बोलला का न्हाई?"

"त्येंचा डोंगर हाय. त्येंना कळतंय," कोंडिबा म्हणाला.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, पश्चिमेच्या पायथ्याला कोणीतरी उसाचं पाचट पेटवलं. वारा सुटला आणि आग बांध ओलांडून गायरानात शिरली. गावात हाकाटी झाली. पन्नासेक माणसं ओल्या डहाळ्या आणि भिजवलेली पोती घेऊन धावली. त्यांच्या पुढं हंबीरराव.

कोंडिबा खळ्यात उभा राहून बघत होता. धूर वर चढताना बघून त्याच्या आत काहीतरी गार झालं, बरं वाटलं. आता घ्या शाली, असंही त्याच्या मनात आलं. हे त्यानं पुढं कोणापासून लपवलं नाही. पण ते क्षणभरच टिकलं. आग घळीच्या तोंडाशी आली होती. घळ म्हणजे डोंगराचं धुराडं. तिच्यात शिरलेली आग पळत्या माणसालाही गाठते. आणि घळीच्या वर, शिसवीच्या राईत, भावाचा पांढरा सदरा दिसत होता.

कोंडिबा शेरडांच्या जुन्या वाटेनं चढला. वर पोचला तेव्हा बारा-पंधरा माणसं राईच्या कडेला आग झोडपत होती आणि खालून घळीतून ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच येत होत्या. हंबीररावांच्या हाताची कातडी सोलली होती, तरी पोतं हापटणं चालूच होतं. ही राई त्यांनी पहिल्या वर्षी लावलेली. कोंडिबानं माणसांना ओरडून माथ्यावरच्या गाडीवाटेवर पिटाळलं. वाटेवरची उघडी माती पाठीशी ठेवून त्यानं वाटेच्या कडेचं गवत मुठीनं धरलं आणि काडी ओढली.

हंबीररावांनी ते बघितलं. ते धावत आले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"कोंडू, माझी राई हाय ती!"

"जाऊ द्या ती, दादा. ती धरून बसला तर टाकंबी जातंय, पल्याडची बाजूबी जातीया आन ही माणसंबी."

त्यानं हात सोडवून घेतला आणि वाटेच्या कडेनं पेटवत चालू लागला. जरा वेळ नवी आग घुटमळली. मग खालच्या मोठ्या आगीनं वारा ओढायला सुरुवात केली आणि ही आग तिच्याकडं ओढली गेली. राईच्या मधोमध दोन्ही आगी भिडल्या. शिसवी तडतडल्या. पुढं जळायला काही उरलं नाही आणि वणवा तिथंच बसला. टाक्याकडची सपाटी आणि पूर्वेची बाजू, जवळजवळ निम्मा डोंगर, वाचला.

पण गावानं बघितलं ते वेगळंच. कोंडिबानं सुभेदाराची राई स्वतःच्या हातानं पेटवली, एवढंच पायथ्यापर्यंत पोचलं. इतक्या वर्षांची जळजळ बाहेर निघाली, असं पारावर उघड बोललं गेलं. काहींनी तर पायथ्याची आगही त्याच्याच नावावर घातली. तिसऱ्या दिवशी संयोगिता चौकशीला आली. माथ्यावर, खात्याच्या हद्दीत काडी कोणी लावली, हे तिला लिहून न्यायचं होतं. हंबीरराव हाताला फडकं बांधून चावडीत बसले होते. ते म्हणाले, "मी सांगितलं लावायला. आगीला आग आडवी घालायची, फौजेत शिकलेलं. त्यानं फक्त माझा हुकूम पाळला."

सुभेदारांच्या डोक्याचं कौतुक सुरू व्हायला घटकाही लागली नाही.

कोंडिबा त्याच पावली भावाच्या घरी गेला आणि सोप्यातच उभा राहिला.

"आख्ख्या जन्मात माझं एक काम झालं, दादा. तेबी तुमी घेतलं."

हंबीरराव म्हणाले की गुन्हा तुझ्यावर पडला असता, माझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही, म्हणून बोललो. ते खरंच होतं, हे कोंडिबाला कळत होतं. म्हणून तो आणखीच पेटला. इतक्या वर्षांचं सगळं त्यानं बोलून टाकलं, कावडी, शेरडं, भाषणातलं ते एक वाक्य. शेवटी जे सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं.

"पौषात मी वर जाऊन आल्तो. ह्ये असं व्हनार, मला दिसत हुतं. देवळात बोललो न्हाई. तुमचं जळावं असं वाटत हुतं मला."

हंबीररावांनी हाताचं सुटलेलं फडकं दातानं ओढून घट्ट केलं.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "आबा कसं जाळायचा ते तुलाच म्हाईत हाय, हेबी ठावं हुतं. त्या दिवशी तुझ्याकडं बघितलं ते त्यासाठनंच. पर मी इचारलं न्हाई. तुला इचारलं आसतं तर डोंगर माझा कसा ऱ्हायला आसता?"

कोंडिबा सोप्यातून तसाच बाहेर पडला. तो घरी गेला नाही. रहिमतपूरला जाणारी एसटी धरून तो सरळ संयोगितेच्या कार्यालयात गेला आणि त्यानं सांगितलं की काडी मी लावली, मला कोणी हुकूम दिला नव्हता, काय गुन्हा असेल तो माझ्या नावावर लिहा. तिनं ऐकून घेतलं. वणवा रोखण्यासाठी समोरून आग लावली, असं ती लिहिणार होती. वरचे साहेब काय म्हणतील ते तिच्या हातात नव्हतं. मग तिनं कागद बाजूला ठेवला.

"मामा, नेमकं तिथंच लावायचं, ते तुम्हांला कसं कळलं?"

हे त्याला कोणीच कधी विचारलं नव्हतं. तो सांगू लागला, घळीबद्दल, दहिवराबद्दल, वाऱ्याच्या वेळांबद्दल, आणि शेवटची एसटी जायची वेळ झाली तरी त्याचं संपलं नव्हतं.

चौकशी दोन महिने लोंबकळली आणि ताकीद देऊन मिटली. खरं काय घडलं ते हंबीररावांनी ग्रामसभेत स्वतः उभं राहून सांगितलं. निम्म्या लोकांना ते पटलं. बाकीच्यांना सुभेदार धाकट्यावर पांघरूण घालतायत असं वाटलं, आणि अजूनही वाटतं. जळालेल्या बाजूला पावसाळ्यात करंज आणि आपटा बुडातून फुटले. शिसवी काही फुटल्या, काही गेल्या.

यंदा मार्गशीर्षात परवानगी आली. बापासारखी महिना सरायची वाट बघायची नाही, दहिवर आता तोवर थांबत नाही, असं कोंडिबानंच ठरवलं. सकाळी आठला माणसं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे पंप आणि डहाळ्या घेऊन उभी राहिली. संयोगिता वरच्या टोकाला होती. कोंडिबानं पहिला पट्टा पेटवला, आग गुडघ्याएवढीच चालली आणि पलीकडं जाऊन विझली. दुसऱ्या पट्ट्याशी हंबीरराव त्याच्या शेजारी आले. त्यांनी चिमूटभर माती हवेत सोडली, खाली वाकून गवताचं बूड चाचपलं आणि म्हणाले, "वारा फिरतोय. खालनं नगं, वरच्या कडनं लावूया. व्हय ना?"

बरोबर होतं. एकच पट्टा बघून त्यांना ते आलं होतं. कोंडिबाला यायला बापामागं चार हिवाळे लागले होते. छातीत तीच जुनी कळ उठली. हेही आता यांना येणार, आणि पुढच्या साली साताऱ्याच्या भाषणात त्याचंही एक वाक्य होणार.

मग त्यानं काडेपेटी भावाच्या हातात दिली.

"व्हय. पर बुडाला हात लावताना उलटा लावा, मनगटाकडनं," तो म्हणाला. "तळव्याला ओल कळत न्हाई."