नळी आत गेली का?

मित्रांनो, गाडीचा धूर तपासायला गेलात की तुमची नजर यंत्राच्या पडद्यावर असते. माझ्याकडे कुणी बघत नाही. मी त्या यंत्राची नळी आहे. हातभर लांब, टोकाला पोलादी, आणि आता जुनी झालेली. गाडीच्या धुराच्या नळकांड्यात शिरायचं आणि आत काय जळतंय ते यंत्राला सांगायचं, एवढंच माझं काम.

आमची टपरी रस्त्याच्या वळणावर होती. तपासनीस एकटाच. रोज सकाळी तो माझी काजळी फडक्यानं पुसायचा आणि मला खुंटीला अडकवायचा. गाडीवाले त्याला पाठीमागे ‘अडेल’ म्हणत. आकडा वर गेला की तो ओळखदेख, गयावया, काही ऐकायचा नाही. तपासणीची फी किरकोळ असायची, पण नापास झालं की दुरुस्तीत महिन्याची कमाई जायची, आणि पास झाल्याच्या कागदाशिवाय पकडलं तर दंड वेगळा. लोक चरफडायचे. तरी त्याच्या हातचा कागद म्हणजे खरा कागद, असंही तेच म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

थंडीच्या सुरुवातीला त्याचा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. दुसऱ्याची जुनी गाडी भाड्यानं चालवायचा. मी आत गेले आणि माझा जीव घुसमटला. पेट्रोल अर्धवट जळत होतं, सायलेन्सर सडून गळत होता. पडद्यावर विषारी वायूचा आकडा आला, सहा टक्के. मर्यादा अर्ध्या टक्क्याची होती.

तपासनीसानं मान हलवली. आधी दुरुस्ती कर, मग ये, म्हणाला.

“दाजी, आम्ही अख्खी बहीण दिली तुम्हाला. तुम्हाला एक कागद देववेना?” मेहुणा हसत म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. जुन्या कागदाची मुदत त्याच दिवशी संपत होती. गाडी उभी राहिली, तर मालक ती दुसऱ्याच्या हाती देणार होता. पुढच्या महिन्यात नक्की दुरुस्त करतो, म्हणाला.

तपासनीसानं मेहुण्याच्या गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढला आणि मला शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या पांढऱ्या गाडीत घातलं. ती गाडी निगुतीनं ठेवलेली. मी जे होतं तेच सांगितलं. कागद मात्र मेहुण्याच्या गाडीचा निघाला.

“पाहुणे, पुढचा महिना म्हणजे पुढचा महिना,” तपासनीस म्हणाला. “आणि काचा उघड्या ठेवत जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला पुसलं नाही.

पुढचा महिना उजाडलाच नाही. कडाक्याच्या थंडीत मेहुणा गिऱ्हाइकाची वाट बघत गाडीत बसला होता. ऊब हवी म्हणून इंजिन चालू, काचा बंद. गळका धूर गंजलेल्या तळातून आत आला. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल.

चौकशीसाठी ती गाडी ओढून आमच्या टपरीसमोर आणली. चौकशीला आलेल्या पोलीस साहेबांनी कागद पाहिला. कागद चोख आहे, बंद काचांत झोपणं ही ड्रायव्हरचीच चूक, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. तपासनीसाची बायको भावाचा मफलर घ्यायला आली होती. ती म्हणाली, “निदान गाडी तुम्ही तपासली होती. नाहीतर मला वाटलं असतं, गाडीनंच त्याचा जीव घेतला.”

तो गप्प राहिला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्यानं मला खुंटीवरून काढलं, ती गाडी सुरू केली आणि मला आत घातलं, पार मुठीपर्यंत.

“आकडा वाच,” तो बायकोला म्हणाला.

“सहा.” तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. “मग त्या दिवशी नळी कुठं घातली होती?”

त्यानं पांढऱ्या गाडीकडे बोट केलं.

ती मफलर घेऊन पायी घरी गेली. त्या पांढऱ्या गाडीत ती पुन्हा कधी बसली नाही, असं ऐकते.

टपरीला कुलूप लागलं. मी एका कचेरीच्या कपाटात, लाखेनं बंद केलेल्या पिशवीत पुरावा म्हणून पडून आहे. शेवटची काजळी अजून माझ्या टोकाला आहे. पुसायला कुणी नाही.

मित्रांनो, मला जिथं घालाल तिथलंच मी सांगते. मला दुसरं येत नाही. घरची गाडी तपासायला न्याल, तेव्हा पास झाली का, ते मागाहून विचारा. आधी खाली वाकून बघा, नळी आत गेली का.