आई धाकट्याकडे

१९७५ साल. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या लष्करी बराकींत व्हिएतनामहून आलेली हजारो माणसं थांबली होती. जबाबदारी घेणारं एखादं चर्च किंवा घर मिळालं, की सुटका. निर्वासित एकाच गावात साचू नयेत म्हणून सरकार कुटुंबं देशभर पांगवत होतं.

न्यानच्या नवऱ्याला, थुआनला, टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या एका कोळंबीवाल्याने बोलावलं. थोरल्या दिराला, खिएमला, थेट उत्तरेकडच्या मिनेसोटातल्या एका चर्चने. राहिला प्रश्न सासूबाईंचा.

त्यांच्या गावी, दक्षिण व्हिएतनामातल्या सा-देककडे, आईबाप धाकट्या मुलाजवळ राहत. घर त्याचं, पूर्वजांचं देवघर त्याचं, आईही त्याचीच. पण कुणी कुठे जायचं ते ठरवणाऱ्या छावणीतल्या ब्रॅनन साहेबांनी वाचलेल्या माहितीत उत्तर व्हिएतनामची रीत होती.

"आई थोरल्याकडे. तुमच्या चालीरीती आम्ही मोडणार नाही," ते दुभाष्यामार्फत म्हणाले, आणि कौतुकाने हसले.

खिएमने मान खाली घातली. परक्या माणसासमोर आईला नको कसं म्हणायचं?

"अहो, बोला की!" न्यानने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"दादा आहे ना."

"दादांच्या तोंडात भात आहे वाटतं!"

शेवटी तीच पुढे झाली. "साहेबांना सांगा, आमच्याकडे आई धाकट्याजवळ असते."

साहेब चपापले. त्यांनी थेट खिएमला विचारलं, "म्हणजे आईला सांभाळायची तुमची तयारी नाही?"

"आहे," खिएम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

साहेबांनी शिक्का मारला.

"झालं समाधान?" बाहेर आल्यावर जाऊबाई लोआन कडाडली. "चारचौघांत ह्यांना कुपुत्र ठरवत होतीस!"

"आई मला हव्यात म्हटलं, वहिनी. तुम्हाला नकोत असं कुठे म्हटलं?"

"पुरे गं दोघी," सासूबाई म्हणाल्या. "मी काय मासळीचा माठ आहे, या होडीतून त्या होडीत ठेवायला?" मग दुभाष्याकडे वळल्या. "तिकडे नदी आहे का रे, बाळा?"

"आहे, आजी. हिवाळ्यात गोठते."

"अगं बाई! मग तिचं करायचं काय?"

सप्टेंबरात त्या मिनेसोटाला गेल्या. पहिला हिवाळा खिडकीशी बसून काढला, दुसऱ्यात अंथरुणातून उठेनात. तेव्हा खिएमने बरी चाललेली नोकरी सोडली, बायकोला आणि आईला मोटारीत बसवलं आणि कुणालाही न विचारता टेक्सास गाठलं. पांगवलेली पुष्कळ घरं त्या वर्षांत अशीच सरकली.

सासूबाई थुआनच्या घरी अकरा वर्षं राहिल्या आणि तिथेच गेल्या. खिएमने दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही, बर्फाच्या कारखान्यात तो हिशेब लिहीत राहिला. लोआनने शिवणाचं दुकान काढलं आणि गावाला मासळीचा वास येतो ही तक्रार शेवटपर्यंत सोडली नाही. ब्रॅनन साहेब निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले म्हणतात. थुआनची बोट आता मुलगा चालवतो. न्यान सासूबाईंच्या श्राद्धाचा स्वयंपाक अजून स्वतः करते, आणि थोरल्या घरची मुलं जेवायला येतात.