दुपारपाळीची साखर

खोलीतला पारा एक्केचाळीस अंशांवर होता. रसायनतज्ज्ञ शिवलिंगप्पांनी साखरेची शुद्धता मोजणाऱ्या पोलॅरिस्कोपच्या नळीत साखरेचे पाणी भरले, डोळा लावला आणि आकडा वाचला : ९८.३. याच पिशवीतली साखर सकाळी सात वाजता, पारा बावीसवर असताना, ९८.९ भरली होती.

ते स्टुलावर टेकले. कंबर भरून आली होती.

सोलापूरजवळच्या या साखर कारखान्यात दुपारपाळीचा पाक मायाप्पा शिजवी. महिनाभर त्याची साखर शुद्धतेत उणी ठरत होती आणि मॅनेजर हिंदुराव आज त्याला कामावरून काढणार होते. ज्या पाळीची साखर त्याच पाळीत तपासायची, हा शिरस्ता शिवलिंगप्पांनीच घातला होता.

मायाप्पा दारात उभा होता. "आप्पा, जा म्हणलं तर जातो की. पर पाक आमी बिघडवला न्हाय."

"नाहीच बिघडवलास. यंत्रात स्फटिकाची पाचर आहे. साखर उजेडाला एका अंगाला वळवते, पाचर त्याला परत सरळ करते. त्यावरून आकडा मिळतो. उन्हात स्फटिकाचा जोर वाढतो, साखरेचा घटतो. आकडा खाली येतो."

"म्हंजी यंत्राला बी ऊन लागतंय व्हय! आमाला वाटलं, आमालाच."

हिंदुराव आत आले. एकाच पिशवीचे ते दोन्ही आकडे त्यांनी दोनदा वाचले.

"ठीक. मायाप्पा राहील. तसं लिहून द्या. पण आप्पा, गेल्या मार्चात याच पाळीच्या धुळाप्पाला काढला, तो कशावरून?"

शिवलिंगप्पांनी गेल्या वर्षीची वही उघडली. "दुपारच्याच आकड्यांवरून. माझ्याच सहीच्या."

"त्यो मंद्रूपला मेंढरं राखतोय," मायाप्पा हळूच म्हणाला.

"मग ते जुनं उकरू नका," हिंदुराव म्हणाले. "वर विचारतील, केमिस्ट वर्षभर करत काय होता?"

शिवलिंगप्पांनी टाक उचलला. मायाप्पाविषयी चार ओळी लिहिल्या, थांबले, मग खाली लिहिले : 'गतवर्षीचे दुपारपाळीचे आकडेही सदोष. धुळाप्पा याचा दोष नाही. चूक माझी.' आणि सही केली.

"ते खालचं खोडा, आप्पा. या वयात कशाला?"

"या वयातच," शिवलिंगप्पा म्हणाले. त्यांनी कागद हिंदुरावांपुढे सरकवला आणि कपाळाचा घाम पुसला. "आता खोडायलाही हात उचलत नाही."