मर्लच्या अंगणात पुन्हा पाणी ओढलं!

मी पवनचक्की बोलतेय. ब्रेक ओढून मला आत्ता थांबवलंय, पण जीव थांबतोय कुठं! आज मी पाणी ओढलं हो, कित्येक वर्षांनी!

मी वाढले क्वीन्सलँडच्या माळावर, डोहर्टींच्या मेंढरांच्या रानात. लग्नाच्याच वर्षी क्लॅरी डोहर्टीनं मला बोअरवर उभं केलं. वारा आला की मी फिरायची, दांडा खटॅक-खट खालीवर व्हायचा आणि टाकीत पाणी पडायचं. क्लॅरीची बायको मर्ल पीठ मळता मळता कान माझ्याकडे ठेवायची. आवाज जरा हलका झाला की खिडकीतून ओरडायची, "क्लॅरी, चक्की कोरडी चाललीय, बघ जा!"

मग सौरपंप आला आणि माझ्याकडे कुणी वर मान करून बघेना. टवाळ पोरांनी माझ्या पत्र्याच्या शेपटावर बंदुकीचा नेम धरला. एका वावटळीत मी तोंडावर आपटले आणि तशीच गवतात पडून राहिले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पुढे क्लॅरी गेला. मर्लची नजरही गेली. मुलगा रसेल तिला गावातल्या आपल्या घरी घेऊन आला, पण ती नुसती खुर्चीत बसून राहायची. जेव म्हटलं की जेवायची, एवढंच. तेव्हा रसेलला मी आठवले. आईसाठी अंगणात शोभेला उभी करायची म्हणून त्यानं मला ट्रेलरवर घातलं. रस्ताभर मला आनंदानं धडधडत होतं.

सगळा हिवाळा तो मला खरवडत होता. पाती सरळ केली, गोळ्यांची भोकं बुजवली, शेपूट लालभडक रंगवलं, दातेरी चाकांच्या पेटीत ताजं तेल ओतलं. पंपाचा दांडा मात्र शेडमध्येच ठेवला. शोभेच्या चक्कीला तो कशाला, असा त्याचा हिशेब.

शेजारचा डड कुंपणावरून चिडवायचा, "बायकोची गाडी कधी एवढी पुसली नाहीस रे!"

"सांग, सांग त्याला!" आतून रसेलची बायको डॉन ओरडायची.

गेल्या रविवारी मला उभी केली. अख्खी गल्ली जमली, तव्यावर सॉसेज चरचरत होते, बियरचे डबे फुटत होते. दक्षिणेचा वारा आला आणि मी फिरले! टाळ्याच टाळ्या!

खुर्चीतून मर्लनं विचारलं, "फिरतेय का?"

"फिरतेय की, आई! लोण्यासारखी!"

"मग आवाज कुठाय? आंधळीला फसवू नका रे." ती उठली आणि भिंत चाचपत आत गेली.

मला इतकं वाईट वाटलं! ओरडून सांगावंसं वाटलं, पण ओरडायला माझ्यात काही ठेवलंच नव्हतं.

डॉन रसेलला म्हणाली, "एवढी नटवलीस, पण तिला काम कुठं दिलंस?"

रसेल आठवडाभर खपला. दांडा जोडला, पावसाच्या पाण्याच्या टाकीवर जुना पंप बसवला आणि कोंबड्यांच्या हौदापर्यंत नळी नेली. आज दुपारी वारा सुटला. खटॅक! खट! अगं बाई, माझाच आवाज! पाणी हौदात धो धो पडू लागलं.

दार धाडकन उघडलं. मर्ल पायरीवर उभी होती, लालबुंद. "रसेल! हौद भरून वाहतोय, ऐकू येत नाही? पाणी काय फुकटचं आहे? ब्रेक ओढ!"

रसेल हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. "तूच ओढ की, आई."

ती चाचपत आली. माझ्या पायावरून हात फिरवत तिनं ब्रेकची मूठ शोधली आणि सगळं वजन टाकून खाली ओढली. माझं शेपूट मिटलं, तोंड वाऱ्यावरून वळलं आणि मी थांबले.

"आता कुणी हात लावायचा नाही," ती धापा टाकत म्हणाली. "सकाळी वारा बघून मीच सोडीन."

मंडळी, माळावर माझी एखादी बहीण पडलेली दिसली तर तिला जरूर उचलून आणा. रंग द्या, नटवा, पण दांडा आधी जोडा. मला आता रजा द्या. सकाळी मालकीण येणार आहे.